लॉर्डाची पत्रं, बाबांची सही

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद झालं आणि तासिका तत्त्वावरची माझी नोकरी गेली. गेली म्हणजे कोणी काढून टाकलं असं नाही. पुढच्या वर्षी कोणी बोलावलंच नाही, एवढंच. दहा वर्षं उमरखेडला बी.ए.च्या वर्गांना इंग्रजी शिकवल्यावर मी एकदम घरात बसले. मग एका मैत्रिणीच्या ओळखीनं पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. इंग्लंडातल्या एका उमराव घराण्याची जुनी कागदपत्रं तिकडच्या एका ग्रंथालयाकडे आली होती. त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवले होते. हातानं लिहिलेली ती पत्रं वाचायची आणि टाइप करून पाठवायची. कोणाला दाखवायची नाहीत, असं आधीच एका फॉर्मवर लिहून घेतलं होतं.

पहिले पंधरा दिवस एक ओळ धड लागेना. अक्षर तिरपं, शाई पलीकडून उमटलेली, एस तर बहुतेक ठिकाणी एफसारखा. हळूहळू डोळे बसले. सगळ्यात स्वच्छ अक्षर त्या घराण्याच्या कारभाऱ्याचं होतं. मालक लॉर्ड लंडनला पार्लमेंटात असायचा, आणि हा कारभारी इस्टेटीवरून त्याला दर आठवड्याला पत्र लिहायचा. पाऊस किती झाला, मेंढ्या कशा आहेत, कोणतं कूळ वारलं, कोणत्या गावातले मतदार आपल्याकडे आणि कोणते नाहीत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं हे सगळं मी आमच्या मागच्या खोलीत, कूलरच्या आवाजात टाइप करत बसायची.

घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, माझा भाऊ पुण्याला. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. त्यांची पहिली नोकरी झरी जामणीकडे, कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, शाळेत. नंतर बरीच वर्षं धरणात गेलेल्या एका गावाच्या नव्या वसाहतीत. निवृत्त झाले तेव्हा आमचं पुसद रोडचं घर बांधून होतं. नऊ घरांची एकच ओळ, सगळी आमचीच बौद्ध माणसं, आणि ओळीच्या टोकाला लहानसं विहार. आमच्या घराला पुढे शहाबादी फरशीचा लांब ओटा होता. सकाळी नऊ ते बारा बाबा त्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधारची पेन्शन, विहीर मंजूर होऊन रखडलेली. खेड्यावरून एस.टी.नं आलेली माणसं तहसीलला जायच्या आधी आमच्याकडे उतरायची. बाबा पैसे घेत नसत. कोणी बोरं, कोणी मूठभर ओल्या तुरीच्या शेंगा ठेवून जायचं. मला त्या गर्दीचा कधी कधी वैताग यायचा. लोक खिडकीतून डोकावून विचारायचे, "सर हायेत का?" आणि माझी ओळ चुकायची.

संध्याकाळी चहा घेताना बाबा विचारत, "आज काय केलं तुह्या लॉर्डानं?"

फॉर्म लिहून दिला होता तरी मी त्यांना सांगायची. बाबांना सांगणं म्हणजे कोणाला सांगणं, असं मला वाटायचं नाही.

लॉर्डानं नवा वाडा बांधायला काढला होता. राजवाडाच म्हणायचा, इतक्या खिडक्या. पण वाड्याच्या समोरच उतारावर एक गाव होतं. वाड्याच्या खिडकीतून तलाव आणि झाडी दिसायला हवी होती, आणि दिसायची ती गावाची छपरं आणि वाळत घातलेली धुणी. म्हणून लॉर्डानं ठरवलं की गाव टेकडीमागे हलवायचं. टेकडीमागे एकसारख्या घरांची रांग बांधून दिली. जमीन त्याचीच, घरं त्याचीच, माणसं फक्त पिढ्यानपिढ्या राहत होती.

"म्हणजे पुनर्वसन," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मी होतो ना त्या धरणाच्या गावठाणात, तिथं बी घरं लाइनीत व्हती. पण लोक बाहेर बसतच नोते. काहून बसत नाई, मले समजेच नाई."

त्या पत्रांत एक धुणं धुणारी विधवा होती. लॉर्डाच्या घरच्या चादरी तीच धुवायची. बाकीचं सगळं गाव टेकडीमागे गेलं, ही जाईना. कारभारी दर पत्रात तिच्याविषयी लिहायचा. आधी सौम्यपणे, मग चिडून. ती म्हणते तिच्या दारातल्या विहिरीचं पाणी कपड्याला चांगलं आहे. ती म्हणते तिचा नवरा या घरात मेला. ती काहीच म्हणत नाही, दार लावून घेते. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की सोमवारी माणसं पाठवून तिच्या घराचं छप्पर काढून घेतो. तिथं ते बंडल संपलं. पुढचं बंडल आलं ते दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कोळशाच्या खाणीचं.

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, काढलं असन छप्पर."

"पत्र नाई त्याचं?"

"नाही."

याच सुमाराला आमच्याकडे भाऊंचा माणूस यायला लागला. भाऊ म्हणजे गावातल्या मोठ्या राजकारणी घराण्याचे आताचे कर्ते. नाव न घेता सगळा तालुका त्यांना भाऊच म्हणतो. त्यांच्या आजोबांची जमीन डोळ्यांत मावणार नाही इतकी होती म्हणतात. जमिनीच्या सिलिंगचा कायदा आला तेव्हा ती नातेवाइकांच्या आणि गड्यांच्या नावावर गेली आणि नंतर बरीचशी परतही आली. भाऊंच्या वडिलांनी राजकारण केलं, भाऊंनी राजकारण आणि लेआउट दोन्ही. गावाच्या चारी बाजूंना कापसाच्या शेतांत सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतात, त्यातले अर्धे त्यांचे.

आमची नऊ घरं ज्या जमिनीवर होती ती भाऊंच्या आजोबांनी तोंडी दिलेली. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा जुन्या वस्तीत राहणं कठीण झालं होतं. रोडच्या कडेला बसा, असं तेव्हा त्यांनी सांगितलं. तेव्हा तो रोड नव्हता, गाडीवाट होती. लोक बसले. घरटॅक्स भरत राहिले, विजेची बिलं आली, पण सातबारा भाऊंच्याच घराण्याच्या नावावर राहिला. आणि आता तिथं त्यांना दुकानांचा मोठा कॉम्प्लेक्स काढायचा होता.

भाऊ एकदा स्वतः आले. ओट्यावर बाबांच्या समोर खुर्चीवर बसले.

"जयभीम, सर. तुमच्याशी का लपवाचं? मी कोणाले रस्त्यावर काढणार नाई. मांगच्या लेआउटमंधी बिल्डिंग होऊन राह्यली, प्रत्येकाले एक एक फ्लॅट. पक्का. बाथरूम घरात. फक्त संमतीपत्रावर सही पाह्यजे."

"विचार करतो," बाबा म्हणाले.

"करा ना. पण तुम्ही सही केली का बाकीचे करतेत. तुमच्या शब्दाले मान हाये."

ते गेल्यावर शेजारचे काका आले. काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. आवाज मोठा, बोलणं तोडून. ते म्हणाले, "सर, मी तं नाई देत सही. काय करतीन ते करतीन."

बाबांनी दोन दिवस कपाट उपसलं. घरटॅक्सच्या जुन्या पावत्या, वस्तीला दिवाबत्ती मिळाली तेव्हाचं नगरपालिकेचं पत्र, असं सगळं काढून त्यांनी कलेक्टरच्या नावे नऊ घरांतर्फे एका अर्जाचा मसुदा केला. साडेतीन पानं. मला वाचून दाखवला. सुरेख होता. एक शब्द जास्तीचा नव्हता.

आणि मी म्हटलं, "बाबा, कायले? काय होणार याचं?"

त्यांनी मसुद्याची पानं खाली ठेवली.

मी बोलत गेले. त्या वर्षी मी फार थकले होते. रोडवरच्या ट्रकांनी, धुळीनं, खिडकीतून डोकावणाऱ्या माणसांनी. भाऊंशी वैर घेतलं तर कॉलेजमध्ये पुन्हा कधी बोलावणं येणार नाही, हेही डोक्यात होतं, कारण संस्थेवर त्यांचेच लोक होते. यातलं मी काही बोलले नाही. मी त्या धुणेवाल्या बाईचं नाव घेतलं. म्हटलं, "त्या बाईचं काय झालं, ऐकलं ना? एकटी अडून बसली, शेवटी डोक्यावरचं छप्पर गेलं. त्यापेक्षा गावासोबत गेली असती तर घर तरी मिळालं असतं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "हे तं खरं हाये," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं त्यांनी सही केली. सरांनी केली म्हणून बाकीच्या सात घरांनी केली. काकांनी केली नाही.

जेसीबी आला त्या दिवशी बाबा काकांच्या अंगणात उभे होते. एका सकाळीत आठ घरं पाडून झाली. विहाराला हात लावणार नाही असं भाऊंनी कबूल केलं होतं, ते मात्र पाळलं. ओट्याची फरशी निघेल तितकी काढून घेतो असं मी म्हणाले होते, पण त्या गडबडीत कोणाला सुचलं नाही, आणि ती मातीत गेली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागे. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, तिथं लोकांनी सायकली ठेवल्या. पहिल्या महिन्यात बाबा रोज सकाळी नऊला तयार होऊन, खिशाला पेन लावून बाल्कनीत बसायचे. खालून कोणी हाक मारेल म्हणून. दोन-चार माणसं शोधत आली. एका म्हातारीला जिना चढवेना. बाबा खाली गेले आणि पायरीवर बसून तिचा अर्ज लिहिला. मग त्यांचे गुडघे धरले. मग लोक यायचे थांबले. तहसीलसमोर कॉम्प्युटरवाले झाले होतेच.

दुपारी ते झोपायला लागले. पूर्वी कधी झोपत नसत. लॉर्डाचं विचारायचंही बंद झालं. मी आपणहून सांगायची. त्या घराण्याच्या पणतवानं शहराबाहेरची शेतं घेऊन तिथं घरांच्या रांगा उठवल्या, ते कागद तेव्हा माझ्याकडे होते. भाडेकरूंच्या तक्रारी होत्या. भिंतीला ओल येते, चिमणीचा धूर घरात भरतो. आमच्याही स्वयंपाकघराच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल आली होती. मी ते बाबांना हसून सांगितलं. ते हसले नाहीत.

इकडे काकांचं घर उभंच होतं. ते पाडायला भाऊंची माणसं दोनदा येऊन गेली. काकांनी दारात खाट टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो फिरला, एका स्थानिक पेपरात फोटो आला. आणि तेवढ्यात नगरपालिकेच्या निवडणुकीची हवा सुरू झाली. भाऊंना ती लढवायची होती. समोरच्या पार्टीचे लोक काकांच्या दारात येऊन बसायला लागले. मग भाऊ स्वतः आले, काकांना शाल दिली, आणि म्हणाले की काकांच्या घराला धक्का लागणार नाही. कॉम्प्लेक्सचा नकाशा बदलला. घराच्या दोन्ही बाजूंनी दुकानं उठली आणि मध्ये काकांचं घर राहिलं.

बाबांनी ते पाहिलं की नाही, मी विचारलं नाही. रिक्षानं दवाखान्यात जाताना रस्ता तोच होता. ते दुसऱ्या बाजूला बघायचे.

फ्लॅटवर येऊन सव्वा वर्ष झालं तेव्हा कंपनीनं एक बंडल पाठवलं. कुठल्यातरी चुकीच्या पेटीत गेलेली पत्रं आता सापडली, असं वर लिहिलं होतं. अक्षर कारभाऱ्याचं. दुसऱ्याच पत्रात ती धुणेवाली होती. मला वाटलं आधीचं काहीतरी असेल, म्हणून मी तारीख पुन्हा पाहिली. त्या सोमवारच्या नंतरची होती.

छप्पर काढलं नव्हतं. लॉर्डाचा मोठा मुलगा त्याच वर्षी निवडणुकीला उभा होता. विरोधकांनी त्या बाईचं प्रकरण बाजारपेठेत छापून वाटलं. तिनं लॉर्डाला एक अर्ज पाठवला होता, त्याचीच नक्कल त्यांनी छापली होती; हातानं लिहिलेला मूळ अर्जही त्या बंडलात होता. लॉर्डानं कारभाऱ्याला कळवलं की बाईला मरेपर्यंत राहू द्या, आणि वाड्यातून घर दिसू नये म्हणून पुढे लवकर वाढणारी झाडं लावा. त्यानंतर अकरा वर्षं कारभारी तक्रार करत होता, की थंडीत झाडांची पानं गळतात आणि तिचा धूर दिसतो.

मी लॅपटॉप बंद केला. आठ दिवस बाबांना काही बोलले नाही. शेजारच्या खोलीत ते पंख्याखाली पडलेले असायचे, आणि मी दार ओढून घेऊन काम करायची. नवव्या दिवशी चहा घेताना सांगितलं. सगळं, जसं होतं तसं.

मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे झालं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"तुले तरी कुठं माहीत व्हतं?" ते म्हणाले. "आन् सही माही हाये." मग एकदम विचारलं, "तिले अर्ज कोणी लिहून देल्ला?"

"कोणाचं नाव नाही. खाली तिनं फक्त फुली मारली आहे."

"दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना ते इंग्रजी वाचता येणार नव्हतं, मलाही ते अक्षर सावकाश लावावं लागलं होतं. त्यांनी चष्मा वर करून पान मोठं करायला लावलं आणि एक एक ओळ बोटानं पाहत गेले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहत होते.

"हा लिवणारा शिकेलसवरेल माणूस हाये," ते म्हणाले. "पाह्य, सुरुवातीले अक्षर येगळं, आन् खाली खाली थकल्यावर मूळचं येऊन राह्यलं. मुद्दाम बदलवून लिवलं त्यानं. भेव असन त्याले. त्याच गावचा असन."

मी पाहिलं तर खरंच तसं होतं. एवढे महिने अशी अक्षरं वाचूनही मला ते दिसलं नव्हतं.

"माहा मसुदा कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

मी सगळं घर शोधलं. पुस्तकांचे खोके, आईची ट्रंक, गादीखालच्या फायली. पावत्या सापडल्या, नगरपालिकेचं पत्र सापडलं. मसुदा नव्हता. घर हलवताना रद्दीत गेला असावा. मी भावाला फोन करून विचारलं, तोही काही सांगू शकला नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे. आता कायले पाह्यजे?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या हिवाळ्यात ते गेले. मोठा आजार नव्हता. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखाना, पाचव्या दिवशी पहाटे नर्सनं मला उठवलं. दवाखान्यात नेताना त्यांना खाली आणायला जिन्याचे वळसे अरुंद पडत होते, शेजारच्या माणसांनी खुर्चीत बसवून नेलं होतं. तेव्हा ते शुद्धीत होते आणि सारखे म्हणत होते, "हळू, हळू, लोकायले तरास होऊन राह्यला."

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेच्या दिवशी भाऊ आले. निवडून आले होते. तीन जिने चढून त्यांना दम लागला होता. बाबांच्या फोटोला त्यांनी फुलं वाहिली, हात जोडले, मग माझ्याजवळ बसले.

"सरांचा शब्द लय मोठा होता, बाई. त्यायनं सही केली म्हणून बाकीच्यायनं केली. नाई तं हे काम झालंच नसतं." ते हे मनापासून, कौतुकानं बोलत होते. "आपल्या लेआउटमधल्या एका गल्लीले सरांचं नाव देऊ. मी बोलतो नगरपालिकेत."

मी म्हटलं, "चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि गेले.

काका तोवर खाली उभे होते, भाऊ गेल्यावर वर आले. बसले. त्यांचं बोलणं पूर्वीसारखं मोठ्यानं राहिलं नव्हतं.

"दोन्हीकून दुकानं हायेत," ते म्हणाले. "दिवसभर शटरचा आवाज. ऊन येत नाई घरात. आन् बसाले कोणी नाई, बाई. विहारात जाऊन एकटाच बसतो." मग म्हणाले, "मी बी सही देऊन टाकीन म्हणतो. तुले काय वाटते?"

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला, चपला घातल्या, आणि भिंतीला हात धरून एक एक पायरी उतरत गेले. मी वरून पाहत होते. दुसऱ्या मजल्यावर थांबले, श्वास घेतला, आणि पुन्हा उतरायला लागले.